पुण्यातून ओकायामाचे सण बघायला जायचंय? मग आधी तारखा कशा वाचायच्या ते बघा

सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आपण सगळेच कधी ना कधी गेलोय, घरी पाहुणे आले की त्यांना घेऊन जातो, पूल बघतो, पाणी बघतो आणि परत येतो. २००६ साली सुरू झालेली ही दहा एकरांची बाग जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केलीय हे पाटीवर लिहिलेलं असतं, पण ती मूळची बाग बघायला गेलेले पुणेकर मला फार कमी भेटतात. जपानला जाणारे खूप आहेत, अगदी आमच्या सोसायटीतूनच दरवर्षी दोन-तीन कुटुंबं जातात, पण सगळे टोकियो, क्योतो, ओसाका, फुजी असं करून परत येतात आणि ओकायामा स्टेशन बुलेट ट्रेनच्या खिडकीतून बघतात फक्त.

मी ओकायामात कामानिमित्त अडीच वर्षं राहिले आणि नंतर आई-बाबांना, मग मावशीला घेऊन परत गेले, त्यामुळे मला सारखं विचारलं जातं की कधी जाऊ. आणि लगेच पुढचा प्रश्न, साकुरा, म्हणजे चेरीच्या फुलांचा बहर, कधी असतो. माझं सांगणं असं की आधी विमानाचं तिकीट काढून मग तिकडे काय चाललंय ते शोधू नका. आधी एक सण निवडा, त्याची तारीख पक्की करा, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे चार-चार दिवस धरून ट्रिप बसवा. एकच सण पण तो नीट, गावातल्या लोकांबरोबर उभं राहून बघितलात तर ती ट्रिप आयुष्यभर लक्षात राहते.

आता तारखांचं. आपल्याकडे सण तिथीवर चालतात म्हणून दरवर्षी कॅलेंडर आलं की आधी गणपती कधी ते बघतो. जपाननं १८७३ मध्ये जुनी चांद्र कालगणना सोडून इंग्रजी कॅलेंडर घेतलं, त्यामुळे तिथले बरेच सण आता ठरलेल्या तारखेला येतात, पण सगळे नाही. साधारण तीन जाती धरा. पहिली, तारीख पक्की, म्हणजे आपल्या संक्रांतीसारखी, उदाहरणार्थ १ जानेवारी किंवा ताकाहाशी गावातला ऑगस्टमधला नाच. दुसरी, वार पक्का, बँकेला दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी असते ना तसं, तिसरा शनिवार, पहिला वीकेंड वगैरे, आणि बहुतेक मोठे मात्सुरी, म्हणजे उत्सव, यातच येतात कारण नाहीतर लोकांना सुट्टी कुठून मिळणार. तिसरी जात निसर्गाची, फुलं, लाल पानं, चंद्र, यांच्या तारखा दरवर्षी हलतात. पहिल्या दोन जातींचं तिकीट सहा-सात महिने आधी बिनधास्त काढा, तिसऱ्यासाठी मात्र आठवडाभराची ढील ठेवा. आणि कुठलीही तारीख असो, निघायच्या महिनाभर आधी त्या देवळाच्या किंवा गावाच्या जपानी पानावर एकदा बघाच, मोबाइलमध्ये भाषांतर होतं आता, पाऊस-वादळामुळे किंवा इतर कारणानं कार्यक्रम बदललेला असू शकतो.

मला एकच सण सुचव म्हणालात तर मी साइदाइजीचा हादाका मात्सुरी, म्हणजे उघड्या अंगाचा उत्सव, सांगेन, फेब्रुवारीचा तिसरा शनिवार. ओकायामा स्टेशनवरून आको लाइनच्या लोकल गाडीनं वीस मिनिटांवर साइदाइजी स्टेशन आहे आणि तिथून दहा-बारा मिनिटं चालत कान्नोनइन देऊळ. या उत्सवाला एयो म्हणतात आणि त्याची सुरुवात १५१० सालची सांगतात. नवीन वर्षाच्या प्रार्थना झाल्या की देवळातून कागदी ताईत वाटायचे, तो ज्याला मिळेल त्याला वर्ष चांगलं जातं अशी श्रद्धा, मग मागणारे इतके वाढले की ओढाताणीत कागद फाटायला लागले म्हणून कागदाच्या जागी लाकडाची कांडी आली. तिला शिंगी म्हणतात, साधारण वीतभर लांब. हजारो पुरुष, अगदी दहा हजारांपर्यंत, फेब्रुवारीच्या थंडीत फक्त फुंदोशी म्हणजे लंगोट आणि पायात ताबी मोजे घालून, गार पाण्याच्या कुंडातून जाऊन, वास्शोई वास्शोई ओरडत देवळाच्या मोठ्या ओसरीवर गोळा होतात. वरून त्यांच्यावर पाणी मारत राहतात आणि त्या गर्दीच्या अंगातून अक्षरशः वाफ निघताना दिसते, मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं धूपच आहे. रात्री बरोबर दहा वाजता दिवे जातात आणि वरच्या खिडकीतून दोन शिंगी त्या गर्दीत टाकतात. बस, एवढंच. पुढे कोणाच्या हातात काय आहे ते बघणाऱ्याला कळतच नाही, नुसती माणसांची लाट इकडून तिकडे जाते, आणि जो ती घेऊन बाहेर पडतो तो त्या वर्षीचा भाग्यवान.

दहीहंडी आणि विसर्जन मिरवणूक बघितलेल्या माणसाला गर्दी नवीन नाही. मला नवीन होती ती दहा वाजताची शांतता, इतकी माणसं आणि दिवे गेल्यावर एक क्षण सगळं थांबतं. म्हणून सांगते, व्हिडिओ काढायचाच असेल तर आधीचा काढा, त्या क्षणाला फोन खिशात ठेवा.

तिथं जायची पद्धत पण सांगते कारण यात लोक चुकतात. दुपारीच पोचा. दुपारी लहान मुलांचा कार्यक्रम असतो तो फार गोड असतो, संध्याकाळी बायकांचं ढोलपथक असतं, एयो दाइको, आपल्याकडच्या पथकात वाजवणाऱ्या मुलींना तर ते बघायलाच हवं. बसून बघायचं असेल तर पैसे भरून जागा मिळतात, आई-वडील बरोबर असतील तर त्याच घ्या, उभं राहणं त्यांना झेपणार नाही. थर्मल, कानटोपी, हातमोजे हवेतच, रात्री तापमान शून्याच्या आसपास जाऊ शकतं आणि पुण्याच्या डिसेंबरचा स्वेटर तिथं काहीही कामाचा नाही. पुरुषांना भाग घ्यायचा असेल तर परदेशी माणसालाही घेतात, पण दारू प्यायलेल्याला आणि अंगावर टॅटू असलेल्याला घेत नाहीत, आणि हा नियम ते खरंच पाळतात. माझ्या भावाच्या दंडावर गोंदवलेलं आहे, तो बाहेरच उभा राहिला माझ्याबरोबर, त्यामुळे आधीच विचार करा. आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ गेल्या गेल्या स्टेशनवर बघून फोटो काढून ठेवा, रात्री टॅक्सी मिळणं अवघड जातं.

फेब्रुवारीत गेलात तर महिन्याच्या सुरुवातीचा सेत्सुबुन पण बघून घ्या, बहुतेक वर्षी ३ तारखेला असतो, पण तो सूर्यावर ठरतो म्हणून २०२१ आणि २०२५ मध्ये २ तारखेला आला होता. भाजलेले सोयाबीन टाकत ओनी वा सोतो, फुकु वा उची म्हणतात, राक्षस बाहेर, भाग्य आत, म्हणजे आपलं इडा पिडा टळो. ओकायामात साइजो इनारी देवळात याची मोठी गर्दी असते. पण दोन्ही बघायचे तर मध्ये दोन आठवडे जातात, ते सगळ्यांना परवडणारं नाही.

आता साकुरा. ओकायामा शहरात मार्चचा शेवट ते एप्रिलची सुरुवात, कोराकुएनच्या बाजूनं वाहणाऱ्या आसाही नदीच्या काठानं रांगच्या रांग फुलते आणि पलीकडे काळा किल्ला, त्याला कावळ्याचा किल्लाच म्हणतात. तारीख चुकली आणि शहरातली फुलं गळून गेली तर उत्तरेला त्सुयामाला जा, तिथं थंडी जास्त म्हणून झाडं थोडी उशिरा फुलतात, आणि जुन्या किल्ल्याच्या दगडी तटांवर हजारेक झाडं आहेत. हवामान खातं ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की फुलायला सुरुवात झाली असं जाहीर करतं आणि तिथून साधारण आठवड्यानं पूर्ण बहर, हा हिशोब लक्षात ठेवला की बातमी बघून गाडी पकडता येते. फांदी ओढून फोटो काढू नका, एवढंच.

एक मात्र कळकळीनं सांगते, २९ एप्रिल ते ५ मे टाळा. याला गोल्डन वीक म्हणतात, अख्खा जपान बाहेर पडलेला असतो. आम्ही पहिल्या वेळी मुलांच्या सुट्ट्या बघून नेमके तेव्हाच गेलो, हॉटेल दुप्पट पैशात आणि तेही शहराबाहेर मिळालं, वर बाबांना गाडीच्या दारापाशी उभं राहून प्रवास करावा लागला. आता तर या आठवड्यात, ओबोनला म्हणजे ऑगस्टमधल्या पितरांच्या सणाला आणि नवीन वर्षाला नोझोमी नावाच्या बुलेट ट्रेनमध्ये सगळ्याच सीट रिझर्व्ह असतात, म्हणजे ऐनवेळी चढू असं चालतच नाही.

कोराकुएनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ती आपल्या बागेची आई आहे. इकेदा त्सुनामासा नावाच्या तिथल्या सरदारानं १६८७ मध्ये काम सुरू केलं, १७०० मध्ये पूर्ण झालं, आणि आपल्यापेक्षा तिपटीहून मोठी आहे. लोक एकदा तासभर बघतात आणि निघतात, पण या बागेचं स्वतःचं एक वर्ष आहे आणि मोठे मात्सुरी जमत नसतील तर नुसतं हेच धरून ट्रिप आखली तरी चालते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला हिरवळ जाळतात, हो, मुद्दाम आग लावतात, वाळकं गवत आणि त्यातले किडे जातात आणि वसंतात नवं गवत चांगलं येतं, तेव्हा सगळी बाग काळीकुट्ट दिसते. मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी बागेतल्याच चहाच्या झुडपांची पानं खुडतात. जूनच्या दुसऱ्या रविवारी बागेतल्या छोट्याशा भातखाचरात गाणी म्हणत लावणी करतात, मुळशी-मावळात लावणी बघितलेल्या माझ्या आईला ते बघून भरून आलं होतं, म्हणाली अगं ह्या पण अशाच वाकून मागं मागं सरकतात. आणि माझं सगळ्यात आवडतं, जुलैचा पहिला रविवार, त्या दिवशी कमळं उमलताना बघता यावीत म्हणून बाग पहाटे चार वाजता उघडते. चार वाजता उठून बागेत जाणं हे पुणेकराला सांगायला नको, पर्वती चढणारे लोक आपण.

लावणी आणि कमळं बघायला जून-जुलैत जाल तेव्हा तिथं त्सुयु असतो, म्हणजे त्यांचा पावसाळा, जुलैच्या मध्यापर्यंत. पण घाबरू नका, ओकायामाला जपानमध्ये उन्हाचा प्रदेश म्हणूनच ओळखतात, दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे पाऊस अडतो. आपल्या मावळातला पाऊस बघितल्यावर तो पाऊस वाटतच नाही, घाम मात्र खूप येतो. आणि जुलै-ऑगस्ट म्हणजे पांढऱ्या पीचचा सीझन. झाडावर असतानाच एकेका फळाला कागदी पिशवी बांधतात म्हणून तो रंग येतो. एकेक फळ महाग असतं, पेटीच्या भावात एखाददुसरंच येईल, पण देवगडचा हापूस जसा बाहेरच्याला एकदा तरी खायला घालावा तसंच हे आहे. दाबून बघू नका, दुकानदाराला ते अजिबात आवडत नाही, बोट लागलं की तिथं डाग पडतो.

ऑगस्टमध्ये दोन गोष्टी. पहिल्या वीकेंडला शहरात मोमोतारो मात्सुरी, त्यात उराजा नाच. पीचमधून जन्मलेला मोमोतारो राक्षसांना मारतो ही गोष्ट जपानी शिकणाऱ्या सगळ्यांनी पहिल्या वर्षी वाचलेली असते, तिचं मूळ ओकायामाच्या उरा नावाच्या राक्षसाच्या दंतकथेत आहे असं तिथले लोक मानतात, आणि या नाचात लोक त्या हरलेल्या राक्षसाचाच चेहरा रंगवून रस्त्यावर नाचतात. १९९४ पासूनचा आहे म्हणजे नवाच, पण तरुण मुलं जीव तोडून नाचतात.

दुसरी गोष्ट ओबोन, साधारण १३ ते १६ ऑगस्ट. पितर घरी येतात, त्यांना दिवे लावून बोलवायचं, जेवण ठेवायचं आणि परत पाठवायचं. आपल्या पितृपक्षासारखंच, फक्त तिथं पितरांसाठी नाचतात. ताकाहाशी गावात १४ ते १६ ऑगस्ट स्टेशनसमोरच मात्सुयामा ओदोरी होतो, १६४८ पासून चालत आलाय असं सांगतात, आणि यात कोणीही शिरू शकतं. मध्ये मचाण, भोवती गोल फेर. आई पाच मिनिटं बघत राहिली आणि मग म्हणाली, हा तर भोंडलाच आहे, आणि शिरली. पुढच्या बाईचे हात बघायचे आणि आपण करायचे, चुकलं तरी कोणी काही म्हणत नाही, उलट एका आजींनी आईला थांबवून तीन वेळा करून दाखवलं. पद्धत एवढीच की फेर मोडून मध्येच फोटोला उभं राहायचं नाही, आणि कडेनं शिरायचं. वेळ असेल तर कासाओकाहून बोटीनं शिराइशी बेटावर जा, तिथला नाच ११८३ च्या लढाईत मेलेल्यांच्या शांतीसाठी सुरू झाला असं मानतात, एकाच गाण्यावर एकाच वेळी वेगवेगळे लोक वेगवेगळे नाच करतात, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत जपानमधल्या इतर लोकनृत्यांबरोबर तो आला. बेटावर राहायला जागा थोड्या आहेत, त्या पुष्कळ आधी बघाव्या लागतात. उन्हाळा मात्र कडक असतो, पारा ३५ च्या वर, आपल्याला ऑगस्ट म्हटलं की गारवा डोळ्यासमोर येतो म्हणून मुद्दाम सांगतेय, ज्येष्ठांना दुपारी बाहेर काढू नका.

सप्टेंबरमध्ये चंद्र. त्यांच्या जुन्या आठव्या महिन्याची पौर्णिमा, रात्री कोराकुएन चंद्र बघायला उघडी ठेवतात. ती सहसा आपली भाद्रपद पौर्णिमा असते, पण त्यांचा आणि आपला अधिक महिना वेगवेगळ्या वर्षी येतो म्हणून २०२५ मध्ये नेमकी कोजागिरीलाच आली, ६ ऑक्टोबरला. मी त्या रात्री इथं गच्चीवर दूध आटवत होते आणि तिथली मैत्रीण बागेतून चंद्राचा फोटो पाठवत होती.

ऑक्टोबर हा पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळ्यात सोपा महिना, हवा छान, गर्दी बेताची. महिन्याच्या मध्याला इम्बे गावात बिझेन मातीच्या भांड्यांचा बाजार भरतो, आको लाइननं चाळीसेक मिनिटं. ही भांडी ग्लेझ न लावता लाकडाच्या आगीत आठवडा-दोन आठवडे भाजतात, राख उडून बसते तेच नक्षीकाम. या दिवसांत भाव कमी असतात आणि कुंभार स्वतः दुकानात असतात. रिकामी बॅग आणि जुने टॉवेल घेऊन जा गुंडाळायला. कुराशिकीला, जी ओकायामाहून पंधरा-सतरा मिनिटांवर आहे, आची देवळाच्या शरद उत्सवात म्हातारा-म्हातारीचे मुखवटे घातलेले सुइंक्यो फिरतात आणि कागदी पंख्यानं पोरांच्या डोक्यावर टपली मारतात, मार खाल्ला की मूल हुशार आणि निरोगी होतं म्हणून आईबापच पोरांना पुढे ढकलतात. कात्सुयामाला १९-२० ऑक्टोबरला रथ एकमेकांवर आदळतात, ते जरा लांब आहे, मी एकदाच गेलेय.

प्रवासाचं म्हणाल तर पुण्याहून थेट विमान नाही, मुंबईहून बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँग करून ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरा, टोकियोला नको. तिथून शिन-ओसाका आणि मग बुलेट ट्रेननं पाऊण तासात ओकायामा. अख्ख्या देशाचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येन झाला, त्यामुळे एवढ्याच भागासाठी तो घेऊ नका, जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीचा कान्साई-हिरोशिमाचा पास बघा. मुक्काम सगळे दिवस ओकायामा स्टेशनजवळच ठेवा, सगळ्या गाड्या तिथूनच सुटतात.

जेवण शाकाहारी लोकांना अवघड आहे हे आधीच सांगते. भाजी दिसली तरी रश्श्यात माशाचा अर्क असतो, दाशी म्हणतात त्याला, त्यामुळे नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, मासे आणि दाशी पण नको हे जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवा. ओकायामाची प्रसिद्ध मात्सुरीझुशी माशांची असते. किबीदांगो नावाचे मऊ गोड लाडू मात्र साधारणपणे चालतात आणि उमे म्हणजे आंबट प्लम घातलेला भाताचा गोळा कुठल्याही कोंबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, मिळतो. मेतकूट, भाजणीचं पीठ, थेपले न्या, पण ताजी फळं आणि कच्च्या भाज्या नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. मावशीनं कढीपत्ता नेला होता, तो गेला.

आणि वर्षाच्या शेवटी जाणाऱ्यांसाठी. ३१ डिसेंबरच्या रात्री देवळांमध्ये १०८ वेळा घंटा वाजवतात, जपमाळेच्या मण्यांइतक्या, काही ठिकाणी रांगेत उभं राहून आपल्यालाही एक टोल मिळतो. मग जास्त जागू नका, कारण १ जानेवारीला सकाळी कोराकुएनच्या हिरवळीवर लाल डोक्याचे क्रौंच सोडतात. युद्धानंतर बागेतले क्रौंच संपले होते, तेव्हा ओकायामात शिकलेल्या ग्वो मोरुओ या चिनी विद्वानांनी १९५६ मध्ये दोन पाठवले, तिथून पुन्हा बागेत क्रौंच आले. पंख पसरून हिरवळीवरून खाली उतरतात तेव्हा लोक टाळ्या पण वाजवत नाहीत, बघत राहतात. अर्धा तास आधी पोचा, पुढच्या रांगेत लहान मुलांना जागा देतात. दुकानं, हॉटेलं त्या दिवशी बरीच बंद असतात, कोंबिनी उघडी असते, म्हणून आदल्या संध्याकाळीच दोन दिवसांचं खाणं खोलीत आणून ठेवा.